गड्ड्याला सांग

बसू आला तेव्हा घरात उठून उभं राहिलं ते एकटं कुत्रं.

तसं घर रिकामं नव्हतं. तिप्पण्णांच्या पहिल्या पुण्यस्मरणाची पूजा सकाळीच उरकली होती. जंगमस्वामी गव्हाच्या गोड हुग्गीवर तूप ओतून घेऊन, पोटभर जेवून, आशीर्वाद देऊन गेले होते. बाळीवेशीतले भाऊबंद पान चघळत आपापल्या घरी जाऊन लवंडले होते. राहिली होती ती घरचीच माणसं, आणि तीही सोप्यात पंख्याखाली अंग टाकून. थोरला शिवयोगी भिंतीला टेकून कुणाच्या तरी लग्नपत्रिकेनं वारा घेत होता. अक्कलकोटला दिलेली लेक चंद्रिका चटईवर आडवी झाली होती. थोरली सून सिद्धेश्वरी उरलेल्या कडक भाकरी फडक्यात बांधत होती. मे महिन्यातलं सोलापूरचं ऊन. दारातनं येणारा वारासुद्धा तव्यावरनं उठून आल्यासारखा. अशा वेळी धाकटा बसू दारात उभा राहिला आणि सगळ्यांनी त्याच्याकडं नुसतं पाहिलं.

गड्ड्या मात्र उठला. म्हातारं कुत्रं ते, मागचे पाय धरलेले. आधी पुढचे पाय ताठ केले, मग मागचं धूड ओढून वर काढलं आणि लंगडत जाऊन बसूच्या पँटीला नाक लावलं. शेपटीबरोबर सगळं अंगच हलत होतं. बसू खाली बसला आणि त्याच्या कानामागं खाजवत राहिला, गरजेपेक्षा जास्त वेळ.

स्वैपाकघराच्या उंबऱ्यात बसलेल्या बसूच्या आईला, मल्लव्वाला ते बघून कसंसंच झालं. "माणूस दारातनं आत आलं की उठून उभं ऱ्हावं," नवरा म्हणायचा. "कचऱ्याच्या गाडीपातूर जाऊन आलं असलं तरी. गड्ड्या बघ कसा उठतोय. येवढं एक शिकलं तरी घर टिकतंय." तिप्पण्णांना सगळ्याच गोष्टी कुत्र्याकडनं शिकायची हौस. ती म्हणायची, "मग कुत्र्याशीच लगीन लावायचं हुतं की." आणि आज पोटचा पोरगा वर्षभरात पहिल्यांदाच सगळ्यांसमोर दारात उभा असताना तीही उठली नव्हती. गुडघे दुखतात हे खरं, पण तेवढंच कारण नव्हतं. आपण उठलो तर शिवयोगीला काय वाटेल, ही धास्ती होती.

भावाभावांचं बोलणं बंद होऊन वर्ष झालं होतं. तिप्पण्णा गेले तेव्हा बसू कंपनीच्या कामाला पुण्यात होता. निरोप कळताच मिळेल त्या गाडीत बसला, आणि ती गाडी वाटेत केम स्टेशनात येऊन जी उभी राहिली ती हलेचना. तिथल्या प्लॅटफॉर्मवरनं त्यानं भावाला फोन केला, "अण्णा, मी येईपातूर थांब." शिवयोगी म्हणाला, "थांबतो." आणि थांबला नाही. दिवस मावळायच्या आत समाधी व्हायला पाहिजे म्हणून थोरली मंडळी मागं लागली, उन्हात देह ठेवणं अवघड झालं, स्वामींनी दोनदा आभाळाकडं पाहिलं. बसू दारात पोचला तेव्हा माणसं अंघोळी करून टॉवेल वाळत घालत होती. त्यानं बापाचं तोंड पाहिलं नाही. त्या दिवसापासून भावाचं तोंड बघायचंही सोडलं. बायकोला घेऊन चिंचोळी एमआयडीसीजवळ खोली करून राहिला आणि शिवयोगी नव्या पेठेतल्या दुकानात असेल अशी वेळ बघून आईला भेटून जाऊ लागला. आजही पंगत उठल्यावरच आला होता. मांडीला मांडी लावून जेवायला नको म्हणून. मल्लव्वाला ते न सांगता कळलं.

बोलणं बंद म्हणजे अगदीच बंद नव्हे. या घरात कुणी कुणाशी अबोला धरला तरी एक वाट उघडी असे, आणि ती गड्ड्यावरनं जाई. ती वाट पाडली खुद्द मल्लव्वानं. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत पाळण्याखाली सापडलेलं पिल्लू तिप्पण्णांनी शालीत गुंडाळून घरी आणलं, म्हणून त्याचं नाव गड्ड्या. गळ्यात लिंग, रोजची लिंगपूजा, आणि घरात कुत्रं! तिनं नवऱ्याशी बोलणंच टाकलं. दुसऱ्या दिवशी तिप्पण्णा पिल्लाला मांडीवर घेऊन म्हणाले, "गड्ड्या, इचार तुझ्या अव्वाला, आज भाकरी हाय का मलाबी उपास?" तीही पिल्लाकडं बघून फणकारली, "गड्ड्या, सांग त्यान्ला, कुत्र्याला शिवलेल्यांनी आदी हात धुवावं." झालं. रिवाजच पडला. नवरा-बायको, सासू-सून, बाप-लेक, जो रुसेल तो गड्ड्याला सांगे. गड्ड्या सांगणाऱ्याकडं बघे, मग ऐकणाऱ्याकडं बघे, आणि दोघांतल्या एकाला तरी हसू फुटे. अबोला दिवेलागणीच्या पुढं टिकत नसे. टिकला तो हा पहिलाच.

सिद्धेश्वरीनं ताट वाढलं. "भावजी, हुग्गी तुमच्यापुरती सकाळीच काढून ठिवली हुती."

शिवयोगीनं बायकोकडं रोखून पाहिलं. तिनं मान वर केली नाही. उलट हुग्गीवर आणखी तूप सोडलं.

जेवून, हात धुऊन बसू आईच्या समोर येऊन बसला. "अव्वा, अक्षताला सातवा लागलाय. तिला आई न्हाय, तुला ठावं हाय. बाळंतपणाला तू चल. आजच चल म्हंत न्हाय, पण लवकर चल. ती एकटी घाबरतीय."

मल्लव्वाचं काळीज सुपाएवढं झालं. धाकट्याचं लेकरू, न्हाऊमाखू घातलेलं, शेगडीच्या धुरीनं डोळे बारीक केलेलं, तिच्या पायांवर. 'व्हय' अगदी ओठावर आलं होतं. पण तिनं ते गिळलं. ती इथं होती म्हणून बसूला या घराचा उंबरा ठाऊक होता. ती चिंचोळीला गेली की त्याला इकडं यायचं कारणच संपणार. मग दोघं भाऊ एका गावात राहून परगावचे होणार, आणि त्यांची पोरं रस्त्यात भेटली तर एकमेकांना ओळखणार नाहीत. नात्यांचं असंच होतं, हे तिनं आपल्या माहेरी पाहिलं होतं. तिला नातू पाहिजे होता, पण त्याच्याआधी तिला आपली दोन्ही पोरं पाहिजे होती.

शिवयोगी मधे पसरलेल्या कुत्र्याकडं बघत म्हणाला, "गड्ड्या, त्याला सांग, अक्षताला हितं आण म्हणावं. बाळंतपण हितं हुईल. हे तिचंबी घर हाय."

शिवयोगीच्या तोंडून एवढं येणं म्हणजे पुष्कळ होतं.

"गड्ड्या, यान्ला सांग," बसू म्हणाला, "ज्या दारात मला बापाचं तोंड बघायला मिळालं न्हाय, त्या दारात मी बायकू कशी आणू?"

"बसू, बास कर की," चंद्रिका उठून बसली. "अण्णा बोलावतोय तर तुझा ताठा कशाला?"

"अक्का, तू तर माझ्या बाजूची हुतीस. फोनवर वर्षभर काय म्हनत हुतीस?"

"फोनवर म्हनत हुते. पर आता बघतीय न्हवं दोगांची तोंडं. एकाच साच्यातली हायत, येडबंबूनो."

आता सिद्धेश्वरीलाही राहवेना. "गड्ड्या, आमच्या मालकान्ला सांग, अत्तींना जाऊ द्यावं. पोरीला आई न्हाय. अशा वक्ताला बाईला बाई लागती."

"आणि लोकान्ला काय सांगू?" शिवयोगी भडकला, आणि बायकोशी अबोला नसल्यानं थेट तिच्यावरच. "थोरल्यानं आईला काढून लावली म्हनतील. नव्या पेठेत गिऱ्हाईक कापडाला हात लावायच्या आदी हेच इचारतंय."

कुणी मल्लव्वाला काही विचारलं नाही. गड्ड्या तेवढा उठून तिच्याजवळ आला आणि तिच्याकडं, मग रिकाम्या भांड्याकडं बघू लागला. तिनं तांब्यानं वरनं पाणी ओतलं. लपलप आवाज करत तो पिऊ लागला.

तिप्पण्णा गेले त्या संध्याकाळीही तो असाच पाणी प्यायला होता आणि भाकरीही खाल्ली होती. तेव्हा तिला त्याची चीड आली होती. ज्यानं शालीतनं आणलं, त्याच्यासाठी एक वेळ उपाशी राहवेना मेल्याला! पण दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ते दाराशी उभं राहून कुंई कुंई करू लागलं. त्याला बाहेर जायचं होतं. धनी गेला म्हणून कुत्र्याची लघवी थांबत नाही. घर रडून रडून झोपलेलं. मल्लव्वाच उठली, कडी काढली. दार उघडलंच आहे तर सडा टाकला. सडा टाकलाच आहे तर चहाचं आधण ठेवलं. तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशी तेच. माणसं येऊन समजावत होती, 'शिवाची इच्छा' म्हणत होती, पण तिला रोज अंथरुणातनं उठवलं ते या कुत्र्यानं.

एक गोष्ट मात्र तिला त्याच्याकडनं शिकता आली नव्हती. तिप्पण्णा दुकानातनं चहाला घरी यायचे त्या वेळेला गड्ड्या अजून मान उचलून दाराकडं बघायचा. नाहीत असं दिसलं की मान टाकून पुन्हा झोपायचा. ती मात्र कपात चहा गार होईपर्यंत दाराकडंच बघत राहायची. आज वर्ष झालं तरी. त्यांच्या खाकरण्याचा आवाज ऐकावा, एवढीच तिची भूक होती, आणि ती कुठल्याच भाकरीनं भागत नव्हती.

"गड्ड्या," बसूचा आवाज आता चढला होता. कुत्रं बिचारं तोंडातनं पाणी गाळत मधे जाऊन उभं राहिलं. "यान्ला सांग, शबुद पाळायचा नसंल तर देऊ नये. थांबतो म्हनले हुते. मी केमच्या फलाटावर उभं राहून लोकान्ला सांगत हुतो, माझा भाऊ थांबलाय, माझा भाऊ थांबलाय."

"गड्ड्या, त्याला सांग, गाडी हलत न्हाय दिसल्यावर जीप करून याचं हुतं. फलाटावर उभं राहून बाप दिसत न्हाय. हितं मी एकटा हुतो. समदं गाव माझ्या अंगावर आलं हुतं."

"गड्ड्या, सांग, गावाला घाबरून बापाला गाडणारा—"

"बसू!" चंद्रिका ओरडली.

गड्ड्याला मोठा आवाज कधीच सोसत नसे. तो आधी बसूजवळ गेला आणि त्याच्या गुडघ्यावर हनुवटी टेकवून उभा राहिला. बसूचा हात आपोआप त्याच्या डोक्यावरनं फिरला. मग तो लंगडत शिवयोगीकडं गेला, तिथंही हनुवटी टेकवली. शिवयोगीचाही हात त्याच जागेवरनं फिरला, जिथनं आत्ता धाकट्याचा फिरला होता. दोघांचे श्वास जरा खाली आले. मल्लव्वा बघत होती. आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

हे दोघं वर्षभर असंच करत होते. धाकटा येऊन कुत्र्याला कुरवाळून जायचा, थोरला दुकानातनं येऊन कुत्र्याला कुरवाळायचा. धाकटा आईसमोर कुत्र्याला विचारायचा, "यान्चा बीपी कसा हाय रं आता?" आणि थोरला कुत्र्याला विचारायचा, "तो वाळलाय का रं?" भावासाठी असलेली माया ते कुत्र्याच्या अंगावर उतरवून मोकळे होत होते. रागही त्याच्याच अंगावर फेकत होते. तोंडावर बोलायला जीभ रेटली नसती असलं कुत्र्याला बिनदिक्कत सांगत होते. नवराबायकोच्या लटक्या भांडणासाठी काढलेली पळवाट तिनं पोरांच्या खऱ्या दुखण्यालाही चालू दिली होती. वरनं मनातल्या मनात खूशही होती, की निदान गड्ड्याकरवी तरी बोलतात. चूक कुत्र्याची नव्हती. कुत्रं मधे बसलं होतं, कारण तिनंच त्याला तिथं बसवलं होतं.

मल्लव्वा गुडघ्यावर हात देऊन उठली. सोप्यात गेली. जिनं इतक्या वर्षांत त्या कुत्र्याला बोटसुद्धा लावलं नव्हतं, तिनं वाकून त्याच्या मानेखालचं कातडं मुठीत धरलं आणि ओढत ओढत त्याला स्वैपाकघरात नेलं. सिद्धेश्वरी तोंडावर हात ठेवून बघत राहिली.

"अत्ती, अवो शिवलात की! गळ्यात लिंग हाय—"

"अंघोळ करीन. तू आत ये. चंद्रे, तूबी ये."

दोघी मुकाट आत आल्या. मल्लव्वानं दारातनं मागं वळून पोरांकडं पाहिलं. "आता दोगात कुनी न्हाय. बोलायचं तर बोला, न्हायतर आपापल्या वाटंनं जावा. माझ्या जाण्या-ऱ्हाण्याचं मी नंतर बगीन."

आणि तिनं दार लावून आतनं कडी घातली.

"अव्वा, हाणामारी करतील गं," चंद्रिका कुजबुजली.

"करू दे. हात तरी लागंल एकमेकाला."

सोप्यात पंख्याचा घरघराट तेवढा ऐकू येत होता. गड्ड्या दाराला नाक लावून कण्हत होता, नखांनी लाकूड ओरबाडत होता. त्याचं काम बाहेर होतं ना! मल्लव्वा फरशीवर बसली आणि तिनं त्याला दोन्ही हातांनी जवळ ओढून धरलं. त्याचं अंग तिला वाटलं होतं त्याहून मऊ होतं आणि काळीज भराभर उडत होतं. तिचंही उडत होतं. हे करून आपण असलेला धागाही तोडला की काय, असं तिला वाटू लागलं.

बाहेर कुणीतरी उठलं. चपला सरकवल्याचा आवाज आला. मग बाहेरच्या दाराची कडी खणखणली. सिद्धेश्वरीनं डोळे मिटून घेतले. मल्लव्वाला रडू फुटायचंच बाकी होतं.

"बसू."

शिवयोगीचा आवाज. वर्षभरात त्यानं ते नाव घेतलं नव्हतं.

"उन्हाचं कुटं चाललास? बस."

चपला परत आत आल्या.

"तू थांबतो म्हनलास, अण्णा." बसूचा आवाज आता चढलेला नव्हता. लहानपणी दुकानातनं उशिरा आलेल्या भावाला तो दारात असाच विचारायचा.

"म्हनलो."

"मग?"

"न्हाय थांबलो. थांबायला पायजे हुतं. सगळे म्हनत हुते उशीर झाला, उशीर झाला, आणि मी हूं म्हनलो. तुला फोन लावायला हात उचलंना माझा. काय सांगनार हुतो? रोज वाटतं, अजून येवढा वेळ धरलं असतं तर काय झालं असतं."

वर्षभर दाताखाली धरलेलं एकदम सोडून दिल्यासारखा बसू म्हणाला, "अण्णा, अप्पा कसे दिसत हुते रं?"

मल्लव्वाचा हात गड्ड्याच्या पाठीवर थबकला.

"झोपल्यावानी," शिवयोगी म्हणाला. "दाढी वाढली हुती. तसं समाधीत कसं बसवायचं म्हनून मीच केली. न्हाव्याला न्हाय बोलावलं. पर तुझ्यागत न्हाय जमत मला. हनुवटीखाली जरा ऱ्हायली."

"तितं ऱ्हातीच," बसू म्हणाला. त्याच्या आवाजात हसू होतं का रडू, दाराआडनं कळत नव्हतं. "मी करायचो तवाबी ऱ्हायाची. मान वर करा म्हनलं की करायचेच न्हाईत ते. मानंला गुदगुल्या हुतात म्हनायचे."

"व्हय रं. पर त्या दिवशी मान वर करा म्हनून कुणाला सांगू?"

आणि बाहेर दोघंही रडू लागले. मोठ्या माणसांनी रडावं तसं नाही. आडदांड, ओबडधोबड, एकमेकांच्या अंगावर कोसळून. काहीतरी लवंडलं, बहुतेक पाण्याचा तांब्या. चंद्रिका पदरात तोंड खुपसून हुंदके देत होती. सिद्धेश्वरीनं डोळे पुसले आणि हळूच कडीकडं हात नेला.

"थांब," मल्लव्वा म्हणाली.

"अवो अत्ती, आता बोलले की ते."

"अजून जरा थांब, बाई."

बाहेर बसू विचारत होता, "मग पटका कुणी बांधला?" शिवयोगी सांगत होता, मीच, पांढरा, लग्नातला. विभूती कशी लावली, बेल कसा वाहिला, बसवल्यावर एक खांदा जरा कलला तेव्हा आपण कसा हातानं धरून ठेवला, सगळं सांगत होता. त्या दिवशी मल्लव्वाची शुद्ध हरपली होती. बायकांनी तिला आतल्या खोलीत निजवून ठेवलं होतं, आणि ती भानावर आली तेव्हा तिप्पण्णांना घेऊन माणसं निघून गेली होती. बसूनं नाही पाहिलं, हे वर्षभर साऱ्या भावकीत बोललं गेलं. तिनंही नाही पाहिलं, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं, आणि तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

तिनं दाराला कान लावला.